तुम्ही विचारलंत म्हणून : रफाराचे खिळे

मला लोक हटकून दोन प्रश्न विचारतात, आणि विचारणारी माणसं अगदी वेगळी असतात.

पहिला पत्रकारितेच्या वर्गातली पोरं विचारतात. छत्तीस वर्षं नाशिकच्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून काढली, म्हणजे बाईंकडे सांगण्यासारखं काही असेल, या समजुतीने ती मला वर्षातून एकदोनदा बोलावतात. भाषण होतं, चहा येतो, आणि मागच्या बाकावरची एखादी मुलगी उठते. "मॅडम, कोणता पुढारी कसा आहे हे तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं ना? मग छापलं का नाही?" दुसरा प्रश्न आमच्या कॉलेज रोडच्या सोसायटीत, गच्चीवर पापड वाळत घालताना येतो. "अहो, तुम्ही पेपरात होतात, तुम्हीच सांगा. हे मुलामुलांचं, मुलीमुलींचं आपल्या वेळी नव्हतंच ना? आताच निघालंय ना सगळं?"

पोरांना वाटतं आम्ही भित्रे होतो. गच्चीवरच्या बायकांना वाटतं तो काळ सोवळा होता. भित्रे होतो, ते कबूल.

सोवळ्याचं आधी सांगते, ते लवकर उरकेल. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक काढायचे, १९२७ पासून. वाचक पत्रं पाठवून शंका विचारायचे आणि कर्वे त्यांना सरळ उत्तरं द्यायचे. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तो या उत्तरांवरूनच. त्यांत हस्तमैथुनाबद्दलची होती, समलिंगी संबंधांबद्दलचीही होती. त्यांचे वकील कोण, तर डॉ. आंबेडकर. १९३० साली आमच्या काळारामाच्या दारात सत्याग्रह उभा केला, तेच. त्यांचा मुद्दा साधा होता : मासिकच या विषयाला वाहिलेलं, वाचक विचारताहेत, मग उत्तर द्यायचं नाही तर काय करायचं? खटला हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. तेव्हा गच्चीवर मी एवढंच म्हणते, "वहिनी, नव्वद वर्षांपूर्वी लोक पोस्टाने विचारत होते." वहिनी पापड उलटतात आणि विषय बदलतात.

पोरांच्या प्रश्नाला मात्र वेळ लागतो.

मी नोकरीला लागले १९८० साली. तेव्हा आमच्याकडे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवून पान लावायचे. खालच्या मजल्यावर केसेस, शिशाचा आणि शाईचा वास, आणि खणाकडे न बघता नेमका खिळा उचलणारी बोटं. आमच्या हेड कंपोझिटरना सगळे अण्णा म्हणायचे. पंचवटीत एका वाड्यातल्या दोन खोल्यांत ते एका मित्राबरोबर राहायचे. मित्र शिवणकाम करायचा. लग्न दोघांचंही नव्हतं. डबा मित्राच्या हातचा असायचा, आणि शेपूची भाजी असली की अण्णा मला जिन्यावरून हाक मारायचे, कारण वर शेपू खाणारी मी एकटीच.

अण्णांच्या माघारी ऑफिसात एकच शब्द चालायचा : 'तसला'. पुढे कुणी काही बोलायचं नाही, नुसतं हसायचे. मीही हसले असेन.

वरच्या मजल्यावर दुसऱ्या एका प्रकारच्या माणसांबद्दल बोलणं चालायचं, पण त्याची भाषा निराळी होती. "साहेब जरा रंगेल आहेत." "लंगोटाचा कच्चा, पण कामाला वाघ." 'तसला' म्हणताना तोंड वाकडं व्हायचं, 'रंगेल' म्हणताना डोळा मिचकावला जायचा. एकाने कुणाचं काही वाकडं केलेलं नव्हतं. दुसऱ्याच्या केबिनमधून बाया रडत बाहेर यायच्या. आमच्या हिशेबी दोन्ही भानगडीच. आणि भानगडीबद्दल सभ्य माणसाने जाहीर बोलायचं नसतं.

एका रात्री तालुक्याच्या गावाहून बातमी आली. मुलांच्या वसतिगृहाच्या अधीक्षकाला अटक. लहान पोरांवर अत्याचार. मी मथळा केला : 'मुलांशी अनैसर्गिक कृत्य, अधीक्षकास अटक'. कागद खाली गेला. पाचच मिनिटांत अण्णा स्वतः वर आले, हात शाईने बरबटलेले.

"ताई, रफाराचे खिळे संपलेत मथळ्याच्या टाइपात. 'अनैसर्गिक'ऐवजी दुसरं काही चालेल?"

"दुसरं काय घालणार अण्णा? पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये तोच शब्द आहे."

"पोरांचा छळ केला, असं घाला. केलाच की त्याने छळ."

मी घड्याळाकडे बघितलं. डाक आवृत्तीची वेळ झाली होती. "असू दे हो, बघा कुठे एखादा सापडतो का."

सापडला. शब्द तसाच छापून आला. पुढे कितीतरी वर्षांनी कशासाठी तरी जुन्या फायली चाळताना ते पान हाताशी आलं. त्याच पानावर, त्याच टाइपात, खाली दुसरा मथळा होता : 'कार्यकर्त्यांची गर्दी'. तीन रफार.

तोवर मला कळलेलं होतं, अण्णा काय मागत होते. त्या बातमीनंतर दोन-तीन महिन्यांनी गावातल्या एका लॉजवर पोलिसांनी धाड घातली होती. दोन पुरुष सापडले, दोघेही तिशीच्या पुढचे, आपखुशीने आलेले. आम्ही त्यांची नावं छापली, गावं छापली, एकाची नोकरी कुठे तेही छापलं. आणि शब्द कोणता वापरला? तोच. पोरांना छळणारा अधीक्षक आणि हे दोघे, आमच्या पेपरात एकाच शब्दाखाली झोपले.

हा दोष आमच्या एकट्याचा नव्हता. १८६०च्या दंड संहितेतलं कलम ३७७ इंग्रजांनी लिहिलं तेच मुळी असं, की संमती होती की जबरदस्ती, वय आठ की अडतीस, याने काही फरक पडायचा नाही. बलात्काराचं कलम फक्त स्त्रियांपुरतं. म्हणून मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२चा पोक्सो कायदा येईपर्यंत एखाद्या मुलावर अत्याचार झाला, तर तो बसवायचा कुठे, तर ३७७ मध्ये, प्रेमात पडलेल्या दोन माणसांच्या शेजारी. बायकांसाठी 'विनयभंग'. हाही शब्द बघा. कुणाच्या तरी विनयाला तडा गेला. हात कुणी टाकला ते शब्दात कुठेच नाही.

इंग्रजांचंच घर बघा. माझे वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते, नोटांच्या. रात्री जेवण झालं की बीबीसीची हिंदी सेवा. इंदिराजी गेल्याचं आकाशवाणीच्या आधी तिथून कळलं, तेव्हापासून तर बीबीसी म्हणजे आमच्या घरातला वेदच. १९७९ साली मी एच.पी.टी.ला शिकत होते. त्या उन्हाळ्यात लंडनमधल्या एका खटल्याच्या बातम्या येत होत्या. लिबरल पक्षाचे माजी नेते जेरेमी थॉर्प, आरोप खुनाच्या कटाचा. नॉर्मन स्कॉट नावाचा माणूस सांगत होता की १९६१ साली आमचे संबंध होते. त्याला गप्प करायला माणूस पाठवला, त्याने स्कॉटची कुत्री मारली आणि पुढे पिस्तूल अडकलं. थॉर्प निर्दोष सुटले, संबंध त्यांनी कधीच मान्य केले नाहीत. पण राजकारण संपलं. आरोप साधा नव्हता, हे मला मान्य आहे. तरी त्या सगळ्या प्रकरणाच्या बुडाशी भीती कशाची होती? इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत दोन पुरुषांचे संबंध हा गुन्हा होता, आणि गुन्हा उठल्यावरही लाज उठलेली नव्हती.

आता गंमत पाहा, गंमत हा शब्द वाईट आहे पण दुसरा सुचत नाही. तेच साल १९७९, तोच पक्ष. रॉचडेलचे खासदार सिरिल स्मिथ. मुलांच्या एका वसतिगृहात ते पोरांशी काय करायचे, हे तिथल्या एका लहानशा पत्राने छापलं. लंडनच्या 'प्रायव्हेट आय' या उपरोधिक पाक्षिकाने उचललं. बाकी मोठ्या वर्तमानपत्रांनी ढुंकून पाहिलं नाही. पक्षाचे तेव्हाचे नेते डेव्हिड स्टील यांनी स्मिथना विचारलं आणि विषय तिथेच सोडला. हे त्यांनी स्वतः २०१९ साली चौकशी समितीपुढे सांगितलं. १९८८ मध्ये स्मिथ 'सर' झाले. २०१० मध्ये गेले ते मानाने. खटला भरायला हवा होता, असं सरकारी वकिलांच्या खात्याने म्हटलं ते २०१२ च्या नोव्हेंबरात.

त्याच वर्षी वडिलांच्या वेदाचंही बिंग फुटलं. जिमी सॅव्हिल, बीबीसीचा लाडका निवेदक, इस्पितळांसाठी पैसे गोळा करणारा, १९९० पासून 'सर'. २०११ मध्ये मेला. बीबीसीच्याच 'न्यूजनाइट' या बातम्यांच्या कार्यक्रमाच्या लोकांनी त्याने केलेल्या लैंगिक अत्याचारांवर काम केलं होतं, ते दाखवलंच गेलं नाही. वर्षभराने दुसऱ्याच वाहिनीने सांगितलं. मग २०१६ मध्ये न्या. जॅनेट स्मिथ यांचा अहवाल आला : एकट्या बीबीसीतल्या कामाच्या निमित्ताने ७२ जण त्याला बळी पडलेले. खालच्या माणसांनी ऐकलेलं होतं, पाहिलेलं होतं, पण वरपर्यंत कुणी नेलं नाही. आणि हेच बीबीसी १९४९ साली आपल्या विनोदी कार्यक्रमांच्या लेखकांना छापील ताकीद देत होतं, बायकी पुरुषांवर विनोद करायला सक्त मनाई म्हणून. सोवळं असं पाळलं जातं. (गप्प बसण्याची दुसरी बाजू, म्हणजे घाई, तीही तिथेच दिसली. त्याच 'न्यूजनाइट'ने २०१२ मध्ये एका माजी राजकारण्याबद्दल नाव न घेता असं काही दाखवलं, की लोकांनी भलत्याच माणसाला धरलं. कुजबुज तशीच छापून टाका, असं मी पोरांना कधी सांगत नाही.)

वडील तोवर नव्हते. असते तर म्हणाले असते, "मग हे बीबीसीने आधीच का नाही सांगितलं?" थोडक्यात, मागच्या बाकावरचाच प्रश्न.

आता माझं. १९८६ की ८७. एक मोठे पुढारी विश्रामगृहावर उतरले होते, मुलाखत घ्यायची होती. वृत्तसंपादक म्हणाले, "फोटोग्राफरला घेऊन जा. एकटी जाऊ नकोस." का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. फोटोग्राफरने तीन फोटो काढले आणि तो रोल धुवायला निघून गेला. साहेबांनी चहा मागवला. मी वहीत लिहीत होते तेव्हा त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आला, आणि तो ठेवून ते द्राक्षांच्या भावावर बोलत राहिले. आवाजात काही फरक नाही. मी वही मिटली, उठले. ते म्हणाले, "बसा हो, चहा येतोय."

ऑफिसात येऊन मी दीड कॉलम लिहिला. पहिलं वाक्य मला पाठ आहे : 'आमच्या प्रतिनिधीशी दिलखुलास गप्पा मारताना ते म्हणाले'. दिलखुलास. अण्णांनीच जुळवलं ते. प्रूफ घेऊन आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं नाही का ताई?" मी म्हटलं, डोकं दुखतंय.

आणि पुढे काय केलं? पुढची वीस वर्षं नवीन लागलेल्या प्रत्येक मुलीला मी सांगत आले, "फोटोग्राफरला घेऊन जा." मला वाटायचं मी त्यांना वाचवते आहे. एखादी वाचलीही असेल. पण वाचले खरे ते साहेब. ती कुजबुज त्यांच्याभोवतीचा पहाराच होती, आणि त्या पहाऱ्यावर आम्ही बायका उभ्या होतो. १९९७ मध्ये कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला, आमच्याकडे त्याची चौकटीत बातमी लागली. तक्रार समिती? ती कागदावर आली तेव्हा माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. छापलं असतं तर साहेबांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला असता, हे खरं कारण. पण त्याहून खरं कारण हे, की अब्रू माझी जाईल असं मला वाटलं होतं. त्यांची नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात देशभर बायका बोलायला लागल्या, तेव्हा मी निवृत्त होऊन घरी बसले होते. फोनवर एकेक वाचताना गुडघा झटकत होते, असं आमचे हे म्हणाले. मला आठवत नाही.

त्याच्या महिनाभर आधी, ६ सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने ३७७ मधून सज्ञान, राजीखुशीची माणसं बाहेर काढली. टीव्हीवर पोरं रडत होती, नाचत होती. मला अण्णांना फोन करावासा वाटला. ते त्याआधीच सात वर्षांपूर्वी गेले होते.

त्यांची शेवटची आठवण आहे ती १९९६ ची. कॉम्प्युटर आल्यावर खिळे भंगारात गेले होते आणि अण्णा घरी. एके दिवशी दुपारी ते जाहिरातीच्या खिडकीशी उभे दिसले. मित्र गेला होता. निधनाची छोटी जाहिरात द्यायची होती. आतल्या मुलाने फॉर्म पुढे केला : नाव, वय, अंत्यविधी किती वाजता. मग विचारलं, "शोकाकुल म्हणून कुणाचं नाव? बायको, मुलं?"

"नाहीत."

"तुमचं नातं काय?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडायच्या आत तो मुलगाच म्हणाला, "काका, मग 'मित्रपरिवार' टाकतो. तसंच टाकतात."

अण्णांनी मान हलवली. प्रूफ मागून घेतलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला, एक वेलांटी ऱ्हस्व पडली होती ती दीर्घ केली, आणि पैसे मोजून दिले.