दोनच दिवस तर

घारीचं हाड जुळायला तीन आठवडे लागले. तिची पिसं मोडायला मला दोन दिवस पुरले.

आणली तेव्हा डावा पंख लोंबत होता. छातीचं मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं बोटाला टोचलं, म्हणजे पोटात बरेच दिवस काही नव्हतं. अशा पक्ष्याला लगेच मांस भरवलं तर तो त्यानेच मरू शकतो. आधी ऊब आणि अंधार, मग डॉक्टरांच्या हातून नळीने पाणी-क्षार. चोचीत काही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. आणणाऱ्यांनी दूध पाजलंच होतं. असो.

पंखातल्या जोडहाडांपैकी जाड हाड मोडलं होतं, बारीक शाबूत होतं. असं असलं की बारीक हाडच आतून खपचीचं काम करतं. पट्टी सुटली, पंख उघडायला लागला आणि मी खूश झाले.

उभ्या लाकडी पट्ट्यांच्या खोलीत तेव्हा एक घुबड होतं. म्हणून घारीला जाळीच्या पिंजऱ्यात टाकलं. दोनच दिवस तर! ती जाळीला लटकायची आणि पंख आपटायची. तिसऱ्या दिवशी शेपटीचा खराटा झालेला आणि डाव्या पंखाची उडायची तीन पिसं अर्ध्यातून तुटलेली. शिकारी पक्ष्याला जाळीत ठेवत नाहीत, हे मी स्वतः दुसऱ्यांना सांगत असते.

तुटलेलं पीस नखासारखं वाढत नाही. ते झडेल तेव्हाच नवं येतं. तोवर तिला डांबून ठेवायचं, नाहीतर पिसं जोडायची.

मेलेल्या पक्ष्यांची पिसं मी जपून ठेवते. पाकिटावर जात, डावा की उजवा पंख आणि पिसाचा क्रमांक. आदल्या वर्षी न वाचलेल्या एका घारीची तिन्ही पिसं निघाली. डॉक्टरांनी भूल दिली. तुटक्या पिसाची दांडी पोकळ भागात कापली. बांबूची काडी तासून, बसते का बघून, पुन्हा तासून अर्धी आत सरकवली, उरलेल्या अर्ध्या काडीवर नवं पीस. शेजारची पिसं चिकटू नयेत म्हणून खाली कागद. पीस जरा जरी तिरकं बसलं तरी पंख नीट मिटत नाही. दुसरं पीस मी तिरकं बसवलं आणि डिंक सुकायच्या आत फिरवताना घाम फुटला.

शेपटी होती तशीच राहिली.

मोठ्या खोलीत उडवून दम वाढवला, वजन सावरलं. सोडायच्या सकाळी खोक्याचं झाकण उघडलं, तर पंधरा मिनिटं बया काठावर बसून राहिली. मग शिटली आणि गेली. डोक्यावरून वळली तेव्हा खालून पाहिलं, डाव्या पंखातली तीन पिसं बाकीच्यांपेक्षा किंचित फिकट होती.