काट्यावरचा यूपीएस आणि गेटवेचा रकाना

आमच्या साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्याचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून पूर्ण वेगळं आहे. काट्याचे कॉम्प्युटर, एक सर्व्हर, पावत्यांचे प्रिंटर आणि या सगळ्यांना जोडणारा, स्वतःची सेटिंग असलेला एक मॅनेज्ड स्विच, बस. राउटर नाही, इंटरनेट नाही. ते तसंच राहावं असं माझं ठाम मत आहे, कारण शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचा हिशेब त्या एका आकड्यावर होतो आणि तिथे बाहेरून कोणाचा हात पोचता कामा नये.

हंगामात कारखान्याची वीज आपल्याच टर्बाइनची. टर्बाइन ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की काटा यूपीएसवर जातो. वीज लवकर आली तर ठीक, नाहीतर बॅटरी संपून सर्व्हर एकदम बंद पडायचा आणि वजनांचा डेटाबेस बिघडायची भीती. यंदा दुसऱ्या विभागातला मोठा यूपीएस काट्यावर आला. त्याच्या मागच्या स्लॉटमध्ये एपीसी कंपनीचं एपी९६३० हे नेटवर्क मॅनेजमेंट कार्ड, म्हणजे यूपीएसला नेटवर्कशी जोडणारं कार्ड, आधीपासून बसवलेलं होतं. बॅटरी उतरत आली की हे कार्ड सर्व्हरला कळवतं आणि सर्व्हर रीतसर बंद होतो. आम्हाला नेमकं हेच हवं होतं.

कार्डाचा जुना आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता, म्हणून सिरियलने, म्हणजे लॅपटॉपवरून थेट केबल लावून, आत शिरायचं ठरवलं. केबल हातात घेताच काट्यावरचे आबा म्हणाले, "साहेब, बाहेर ट्रॉल्यांची रांग लागलीय. काटा बंद होणार नाही ना?"

"नाही आबा. कार्ड रीस्टार्ट झालं तरी यूपीएसचं आउटपुट चालूच राहतं."

हे खरं, पण केबल कुठे लावताय ते बघा. एपी९६३० ची कन्फिगरेशन केबल हेडफोनच्या पिनसारख्या बारीक जॅकची असते आणि ती कार्डातच लागते. यूपीएसच्या स्वतःच्या नऊ पिनांच्या पोर्टला साधी सिरियल केबल लावली, तर बरेच स्मार्ट-यूपीएस तिथल्या तिथे बंद होतात. रांग लागलेली असताना तो धोका नको.

लॅपटॉपवरच्या टर्मिनल प्रोग्रॅमची सेटिंग अशी: वेग ९६००, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. कार्डावरचं रीसेट बटण दाबलं की स्टेटस दिवा आळीपाळीने नारिंगी आणि हिरवा लुकलुकतो. तो लुकलुकत असतानाच बटण पुन्हा दाबायचं. मग एंटर दाबत राहायचं आणि युजर नेम विचारला की नाव आणि पासवर्ड दोन्हीला 'apc' द्यायचं, इंग्रजी छोट्या अक्षरांत. त्यासाठी ३० सेकंद मिळतात. आत गेल्यावर पहिलं काम नवीन पासवर्ड.

बूट मोड मॅन्युअल केला, म्हणजे कार्ड आपोआप पत्ता वाटणारी डीएचसीपी सेवा शोधत बसत नाही. आयपी १९२.१६८.५०.१०, सबनेट मास्क नेहमीचा. मग आला गेटवे, म्हणजे नेटवर्कबाहेर जायच्या दाराचा, एरवी राउटरचा, पत्ता, आणि खरा विचार इथेच करावा लागतो.

राउटरच नाही तर गेटवे कशाला, असं कोणालाही वाटेल. पण या कार्डात एक राखणदार टायमर आहे. साडेनऊ मिनिटं नेटवर्कवरून काहीच आलं नाही, तर आपलं नेटवर्क अडकलं असं समजून कार्ड रीस्टार्ट होतं. ते टाळायला दर साडेचार मिनिटांनी कार्ड गेटवेला हाक मारतं आणि उत्तर आलं की टायमर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून राउटर नसेल तर त्याच सबनेटमधल्या (नेटवर्कच्या त्याच भागातल्या), कायम चालू असणाऱ्या यंत्राचा पत्ता तिथे द्यायचा. १२७.०.०.१, म्हणजे यंत्राचा स्वतःकडेच वळणारा पत्ता, मात्र कधीही टाकू नये. त्याने कार्ड बंद पडतं आणि पुन्हा सिरियल लावून मूळ सेटिंगवर आणावं लागतं.

सर्व्हरचा पत्ता द्यावा असं आधी मनात आलं. पण कार्ड लावलंय तेच सर्व्हर बंद करायला. वीज गेल्यावर सगळ्यात आधी तोच जाणार, शिवाय हंगाम संपल्यावर तो महिनोन्महिने बंद. स्विच मात्र त्याच यूपीएसवर बारा महिने चालू असतो आणि त्याला स्वतःचा आयपी आहे. म्हणून गेटवेच्या रकान्यात स्विचचा पत्ता टाकला आणि कार्ड रीबूट केलं. स्टेटस दिवा स्थिर हिरवा झाला, म्हणजे आयपी सेटिंग वैध.

पुढचं सोपं होतं. सर्व्हरवर पॉवरशूट नेटवर्क शटडाऊन हे कार्डाचा इशारा ऐकून सर्व्हर बंद करणारं सॉफ्टवेअर टाकलं, त्यात कार्डाचा आयपी, युजर नेम आणि कार्ड व सर्व्हर दोन्हीकडे अक्षरशः सारखा ऑथेंटिकेशन फ्रेज (ओळखीचा गुप्त शब्द) दिला. कार्डाचे निरोप सर्व्हरपर्यंत पोचावेत म्हणून फायरवॉलमध्ये यूडीपी ३०५२ पोर्ट उघडलं. शिफ्ट बदलताना रांग ओसरली, तेव्हा इलेक्ट्रिकलच्या लोकांकडून यूपीएसचा एमसीबी पाडून घेतला. सर्व्हरच्या स्क्रीनवर बॅटरीचा इशारा आला, ठरवलेल्या वेळी सर्व्हर स्वतःहून बंद झाला आणि आबांनी पावत्यांचा शेवटचा नंबर वहीशी ताडून पाहिला. जुळला. दुसऱ्या दिवशी कार्डाचा अपटाइम (सलग किती वेळ चालू आहे ते) पाहिला, मध्ये एकदाही रीस्टार्ट नव्हता.

आता यूपीएसच्या अंगावर कागद चिकटवलाय: गेटवे म्हणून दिलेला पत्ता स्विचचा आहे, मुद्दाम दिलाय, स्विच बदलला तर नव्याला हाच आयपी द्यावा.