वरचं वायरलेस, खालचं डायलअप आणि मधे लोडशेडिंग

२००७ सालातलं सांगतेय, आम्ही तेव्हा तासगावात राहायचो. मी घरीच डीटीपी करायचे, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचे, पानांसाठी पेजमेकर आणि मराठी फॉन्टसाठी श्रीलिपी, आणि गणपती गेले की दिवाळी अंकांची जी झुंबड उडते ती ज्यांनी केलीय त्यांनाच माहीत. पुण्याच्या संपादकबाईंना प्रूफं मेलवर लागायची. श्रीलिपीतला मजकूर तसाच पाठवून उपयोग नाही, समोरच्याकडे तो फॉन्ट नसला तर नुसती गिचमिड दिसते, म्हणून पीडीएफच करावी लागायची. आता दोन एमबीची पीडीएफ डायलअपवरून, म्हणजे मोडेमने घरच्याच फोनवरून नंबर फिरवून जोडलेल्या नेटवरून, पाठवायची म्हणजे काय ते हल्लीच्या पोरांना सांगून पटणार नाही. मोडेम ५६ केचा म्हणायचा पण तो आकडा येणाऱ्या डेटाचा, जाताना फार तर ३३.६, त्यात मेलला जोडलेली फाइल एनकोड होताना एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी अकरा-बारा मिनिटं, आणि तेवढ्यात सासूबाईंनी हॉलमधला फोन उचलला की संपलं. "अगं यात कोण शिट्ट्या मारतंय बघ" असं त्या म्हणाल्या की समजायचं, परत पहिल्यापासून.

वरच्या मजल्यावर दीर-जाऊ. त्यांनी ब्रॉडबँड घेतलं, सोबत वायरलेसचा राउटर, आणि दीर म्हणाले, वहिनी, तुम्ही उगीच फोनचं बिल कशाला भरताय, आमचंच वापरा. पुतण्या इंजिनिअरिंगला होता सांगलीला, तो रविवारी आला आणि माझ्या डेस्कटॉपला यूएसबीचा वायरलेस अॅडॉप्टर लावून दिला. मधे स्लॅब असल्याने सिग्नल दोनच काड्या, मग अॅडॉप्टर एक्स्टेंशन वायरने खिडकीपाशी नेऊन ठेवला तेव्हा कुठे तीन झाल्या. "काकू, आता डायलअप विसरा" म्हणून गेला तो.

पण तासगावात लोडशेडिंग! आमच्या खाली इन्व्हर्टर होता, कॉम्प्युटर त्याच्यावर घेतलेला, कारण कामच ते. वर इन्व्हर्टर नव्हता. लाइट गेली की वरचा राउटर बंद, माझा कॉम्प्युटर चालू आणि नेट गायब. फोन मात्र चालू, कारण तेव्हा लँडलाइनला लागणारी वीज एक्स्चेंजमधूनच त्याच तारेने यायची, घरातल्या लाइटशी तिचा काही संबंध नव्हता. म्हणजे लाइट असताना वायरलेस आणि लाइट नसताना डायलअप असं रोज करावं लागणार हे उघड होतं. एकाचं बटन बंद करायचं नि दुसऱ्याचं चालू, यात काय अवघड, असं वाटतं ना? माझ्या कॉम्प्युटरवरच्या विंडोज एक्सपीला ते कळत नाही, हा माझा त्या सीझनचा सगळ्यात मोठा शोध.

पहिला ताप म्हणजे वायरलेस मस्त चालू असतानासुद्धा आउटलुक एक्सप्रेस हा मेलचा प्रोग्रॅम उघडला की डायल करायची खिडकी वर यायची, कॅन्सल केली की परत यायची. इंटरनेट ऑप्शन्समध्ये कनेक्शन्स म्हणून एक टॅब आहे, तिथे तीन पर्याय असतात, कधीच डायल करू नको, नेटवर्क नसेल तरच डायल कर, आणि नेहमी डायल कर. आमच्याकडे तिसऱ्यावर टिंब होतं, डायलअपच्या काळातलं. पुतण्याने फोनवरून सांगितलं म्हणून मधलं निवडलं, ऐकायला तेच शहाणपणाचं वाटतं, पण त्यात गोम अशी की राउटर चालू आहे पण वरची ब्रॉडबँडची लाइनच गेलीय अशा वेळी कॉम्प्युटरला वाटतं नेटवर्क आहे की, आणि तो ढिम्म बसून राहतो. शेवटी पहिलंच ठेवलं, कधीच डायल करू नको. डायल करायचं ते मी माझ्या हाताने करीन.

तरी मेलची खिडकी येतच होती!! याचं कारण सापडायला वेळ गेला. आउटलुक एक्सप्रेसमध्ये प्रत्येक मेल अकाउंटच्या प्रॉपर्टीजमध्ये वेगळा एक कनेक्शन टॅब असतो आणि तिथे 'या अकाउंटसाठी नेहमी अमुक कनेक्शन वापर' अशी टिक असते, डायलअपचं अकाउंट बनवताना ती कधीतरी मारलेली होती. ती काढली, खिडकी गेली. कोणाला हा त्रास होत असेल तर आधी तिथे बघा, बाकी सगळं नंतर.

मग दुसरं प्रकरण, पैसे खाणारं. लाइट नसताना डायलअप लावून फाइल पाठवतेय, मधेच लाइट आली, वरचा राउटर सुरू झाला, माझ्या कॉम्प्युटरने आपणहून वायरलेस पकडलं, खाली कोपऱ्यात ५४ एमबीपीएस असा ऐटीत आकडा. मी खूश, फाइल गेल्यावर आरामात बाकीचं काही बघत बसले. बघते तर पानं उघडतायत कासवाच्या गतीने. पुतण्या दिवाळीच्या आधी घरी आला तेव्हा त्याने ती काळी खिडकी उघडून रूट प्रिंट अशी कमांड दिली, आकड्यांचा तक्ता आला, त्यात शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, काकू हे मेट्रिक बघा, ज्याचा आकडा लहान त्या रस्त्याने सगळं जातं. डायलअपचा होता १, वायरलेसचा त्याच्यापेक्षा मोठा. म्हणजे दोन्ही जोडलेले असताना एक्सपी डायलअपलाच मुख्य रस्ता धरतं, वायरलेस कितीही वेगवान असू दे! तो ५४चा आकडा तसाही फक्त माझा अॅडॉप्टर आणि वरचा राउटर यांच्यातला, पुढे दिरांचं ब्रॉडबँड २५६ केबीपीएसचंच होतं. पण ते २५६ तरी मला मिळत होतं का, नाही, सगळं चाललं होतं फोनवरून आणि कॉलचं मीटर पळतंय.

यावर कॉम्प्युटरच्या दुकानातल्या मुलाने आधी एक उपाय करून ठेवला होता तो तर और होता. डायलअपच्या प्रॉपर्टीजमध्ये टीसीपी आयपीच्या आत अॅडव्हान्स्ड मध्ये 'रिमोट नेटवर्कचा डिफॉल्ट गेटवे वापर' अशी टिक असते, ती त्याने काढली. झालं काय, वायरलेस असताना सगळं वायरलेसवरून जाऊ लागलं, बरोबर, पण लाइट गेल्यावर डायलअप लावलं तर कनेक्ट होतंय, कोपऱ्यात दोन छोटे स्क्रीन लुकलुकतायत, आणि एकही पान उघडत नाही, कारण बाहेर जायचा रस्ताच काढून टाकलेला. पुतण्याने ती टिक परत मारली आणि त्याऐवजी डायलअपच्या ऑप्शन्समध्ये पाच मिनिटं काही हालचाल नसेल तर आपोआप तोडायचं लावलं, शिवाय आउटलुकमध्ये 'पाठवून-घेऊन झाल्यावर फोन ठेव' अशी एक टिक आहे ती मारली. ही टिक म्हणजे सोनं आहे. फाइल गेली की लाइन आपोआप सुटते, मी चहा करायला गेलेली असले तरी.

तिसरं तर मला आधी नेटचं वाटलंच नव्हतं. वायरलेसवर मेल येतायत पण जात नाहीत, रिले करायला नकार असा काहीतरी एरर. माझा मेल आयडी डायलअपवाल्या कंपनीचा, आणि त्यांचा पाठवणारा सर्व्हर फक्त त्यांच्याच लाइनवरून आलेली पत्रं पुढे नेतो. मी दिरांच्या ब्रॉडबँडवरून, म्हणजे दुसऱ्याच कंपनीच्या लाइनवरून गेले की तो दारातच अडवणार. स्पॅमवाले कुणाचाही सर्व्हर वापरू नयेत म्हणून असं करतात, हे नंतर समजलं, ठीकच आहे, पण संपादकबाईंना मी काय सांगणार? त्याच वर्षी जीमेल आमंत्रणाशिवाय सगळ्यांना खुलं झालं होतं, मग तिथे अकाउंट काढलं आणि आउटलुकमध्ये त्याचाच सर्व्हर भरला, पोर्ट ४६५, सुरक्षित कनेक्शनची टिक, पासवर्डची टिक. हा कुठल्याही लाइनवरून चालायचा कारण तो लाइन नाही, पासवर्ड बघायचा. सोबत सर्व्हर टाइमआउट एक मिनिटावर होता तो ओढून पाच मिनिटांवर नेला, नाहीतर डायलअपवर मोठी फाइल मधेच सोडून देतो.

यानंतर माझी पद्धत ठरून गेली. लाइट गेली की डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवरून आधी वायरलेस डिसेबल, मग डायल. लाइट आली तरी घाई करायची नाही, चालू फाइल जाऊ द्यायची, मग डायलअप तोडायचं, मग वायरलेस एनेबल. एक तोडल्याशिवाय दुसरं जोडायचं नाही. बदलल्यावर कधी एखादी साइट उघडत नसेल तर त्याच काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग फ्लशडीएनएस, म्हणजे साइटचे साठवलेले जुने पत्ते पुसायची कमांड, आणि ब्राउझर बंद करून परत चालू. आणि मोडेम 'डायल टोन नाही' म्हणून ६८० नंबरचा एरर देत असेल आणि फोन कानाला लावल्यावर टोन येत असेल तर मोडेमच्या प्रॉपर्टीजमधली डायल टोनची वाट बघायची टिक काढून टाका, आपल्याकडची टोन त्या बिचाऱ्याला नेहमी ओळखू येते असं नाही.

अंक वेळेत गेले. दिवाळीनंतर दिरांनी आमच्या इन्व्हर्टरवरून जिन्यातून एक वायर वर नेली, राउटर खातो किती, दहा-एक वॅट, एवढ्यासाठी आधीच का नाही सुचलं हे दोघा भावांनी एकमेकांना विचारून झालं. त्यानंतर डायलअप फक्त वरची लाइन बिघडली की. मोडेम मात्र तेव्हा काढला नाही, सांगलीच्या प्रेसला कागदाची ऑर्डर फॅक्सनेच लागायची आणि एक्सपीतून त्याच मोडेमने फॅक्स जायचा.