आजीला अर्थ सांगून बघा, मगच गाणं लावा

परवा ऑफिसातून घरी येताना बसमध्येच भाचीचा मेसेज आला, आत्या, अकरा इंग्लिश गाणी काढलीयत, संगीत, एन्ट्री, वरमाला, पाठवणी सगळं धरून, तू तिकडं राहतीस तर एकदा नजर टाक की. डिसेंबरात लग्न आहे तिचं, कोल्हापुरातच, हॉल राजारामपुरीत आणि हळद घरी मंगळवार पेठेत. मी नऊ वर्षं झाली इंग्लंडात लीड्समध्ये आहे, आणि ही लिस्ट वाचून मला खरंच काळजी वाटली म्हणून हे लिहायला बसले. कारण आता आपल्याकडं प्रत्येक लग्नात दोनचार इंग्लिश गाणी असतातच आणि निवडताना सगळे फक्त चाल ऐकतात.

नवरा-नवरीच्या एन्ट्रीला तिनं काढलेलं ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’. पोलीस नावाच्या बँडचं 1983 चं गाणं, चाल इतकी मऊ की कुणालाही प्रेमाचंच वाटणार. पण ते बँडचा गायक स्टिंग यानं स्वतःचं लग्न मोडलं त्या काळात लिहिलंय आणि गाण्यातला माणूस सोडून गेलेल्या बाईवर नजर ठेवून आहे, तू कुठं जातीस, काय करतीस, सगळं बघतोय म्हणून सांगतोय. नव्या नवरीला ह्या गाण्यावर स्टेजवर आणायचं? मला नाही पटत.

पुढचं, वरमालेला, ‘यू आर ब्युटीफुल’. जेम्स ब्लंटचं, 2005 मध्ये इथं पार एक नंबरला गेलेलं. त्यातली सुंदर बाई दुसऱ्याच माणसाबरोबर आहे, ह्याला ती गर्दीत क्षणभर दिसते आणि आपलं काही जुळणार नाही हे त्याला कळून चुकतं, एवढीच गोष्ट. म्हणजे हार घालताना मागं स्पीकरवर कोणतरी म्हणतोय की ही माझी होणार नाही!

आणि पाठवणीला ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’. व्हिटनी ह्यूस्टनचं 1992 चं सगळ्यांना माहीत आहे, पण मूळ गाणं डॉली पार्टनचं, 1974 चं. पोर्टर वॅगनर ह्या गायकाच्या टीव्ही शोमध्ये ती बरीच वर्षं गात होती, तिथून बाहेर पडून स्वतःचं काम सुरू करायचं ठरवल्यावर त्याचा निरोप घ्यायला तिनं ते लिहिलं. माया आहे, आदर आहे, पण मी थांबले तर तुझ्या वाटेत येईन, म्हणून जाते, असं आहे ते. पाठवणीत पोरगी रडत गाडीत बसताना हे नको. खरं सांगू का, पाठवणीला कुठलंच इंग्लिश गाणं नको असं माझं मत आहे. तिथं सनई असू दे, नाहीतर काहीच नको, घरच्या बायकांचा आवाज पुरे होतो.

इथं लग्नातल्या गाण्यांचं बघतात कसं ते सांगते. मागच्या उन्हाळ्यात माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं सरकारी पद्धतीनं लग्न झालं, चर्चमध्ये नाही. तर त्या विधीत कुठली गाणी वाजणार, नवरी आत येताना, सह्या करताना, बाहेर पडताना, ती लिस्ट रजिस्ट्रारला आधी द्यावी लागते, कारण इंग्लंडमध्ये अशा लग्नात चर्चची भजनं, बायबलातले उतारे चालत नाहीत. म्हणजे शब्द कोणतरी वाचतंच. आणि रात्रीच्या पार्टीच्या डीजेनं तर फॉर्म पाठवलेला, ही वाजवाच आणि ही अजिबात वाजवू नका असे दोन रकाने. हा दुसरा रकाना मला फार आवडला. आपल्याकडं डीजेला वाजव म्हणून सांगणारे पन्नास जण असतात, नको म्हणून लिहून कोण देतंय? तुम्ही द्या. कागदावर द्या, आणि तो कागद नवरा-नवरीच्या नाही, मामाच्या नाहीतर थोरल्या भावाच्या खिशात ठेवा, त्या गडबडीत नवरीला काय सुचणार आहे.

आता आजीचं. रविवारी मी आईला फोन केला, म्हणजे भाचीच्या आजीला, वय अठ्ठ्याहत्तर, इंग्लिश येत नाही, आणि एकेका गाण्याचा अर्थ मराठीत सांगत गेले, कसलीही मखलाशी न करता. त्या पोलीसवाल्या गाण्यावर आई लगेच म्हणाली, “हे काय प्रेम म्हणायचं का गं, पाळत ठेवणं झालं की हे.” बघा, एवढी मोठी दुनिया ज्यात फसली ते तिनं दोन वाक्यांत ओळखलं! मग एड शीरनचं ‘परफेक्ट’ सांगितलं, 2017 चं, आपल्या प्रेयसीसाठी त्यानं लिहिलं आणि पुढं तिच्याशीच त्याचं लग्न झालं. अंधारात गवतावर अनवाणी दोघं नाचतायत, लहानपणापासूनची ओळख आहे, पुढं पोरंबाळं होतील, घर होईल असं म्हणतोय. आई गप्प ऐकत राहिली आणि म्हणाली, “दंव लागत असंल पायाला. चांगलं हाय हे, हेच लावा.”

तेव्हापासून माझी हीच कसोटी. घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला शब्द मराठीत सांगायचे, सांगताना आपल्यालाच अवघडलं की गाणं बाद. आणि त्यांना अर्थ कळलेला असला की ते हॉलमध्ये नुसते खुर्चीत बसून राहत नाहीत, त्यांचंही होतं ते गाणं.

संगीतला ॲबा ह्या स्वीडनच्या बँडचं ‘डान्सिंग क्वीन’ ठेवलंय. जून 1976 मध्ये स्वीडनच्या राजाच्या लग्नाच्या आदल्या रात्री त्यांनी ते राजा-राणीसमोर गायलेलं, म्हणजे लग्नाच्या आदल्या रात्रीचंच गाणं, अजून काय पाहिजे. बारशाचं कुणी विचारलं तर मुलीच्या बारशाला स्टीव्ही वंडरचं ‘इझन्ट शी लव्हली’ लावा, त्याच्या मुलीच्या जन्मावरचं आहे, सुरुवातीला बाळाचं रडणंही ऐकू येतं. त्याचंच 1981 चं ‘हॅपी बर्थडे’ आहे, ते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीला अमेरिकेत सुट्टी मिळावी म्हणून केलेलं, ते मात्र वाढदिवसाला खुशाल लावा, त्यात आनंदच आहे.

वरातीचं राहिलं. वरातीत हलगी आणि बँडच, त्यावर घरात वाद नाही, आणि रात्री दहाला आवाज बंद हे पण ठरलंय. पण भाचीला ‘परफेक्ट’ बँडवर पाहिजे होतं. भावानं बँडमास्तरांना घरी बोलावून मोबाईलवर ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून मांडीवर बोटं धरली, तीन-तीनचा झोका मोजला, आणि म्हणाले, “हे दादऱ्यात बसतंय की ओ, अवघड न्हाई.” काल भावानं व्हॉइस नोट पाठवली, क्लॅरिनेटवर पहिली ओळ, खाली ढोलावर दादरा, थोडं अडखळत पण सुरात. मी बसमध्ये तीनदा ऐकली. शेवटी मागून आईचा आवाज येतो, “जरा सावकाश घ्या म्हणावं, अनवाणी नाचतायत ती.”