सोलापूरच्या माळवदातली तुळई

सोलापूरला गेलेला माणूस चादरी घेतो, शेंगाचटणी बांधून घेतो आणि सिद्धेश्वराच्या तळ्याला फेरी मारून परततो. मी मात्र या खेपेला पूर्व भागातल्या एका मिस्त्रींकडे गेले होते. पाडलेल्या माळवदांचं किडकं सागवान विकत घेऊन ते त्यातून वीणा आणि एकताऱ्या घडवतात.

माळवद म्हणजे तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार राहतं, पण मातीतून वाळवी उतरते. भिंतीत रुतलेली तुळईची टोकं ओल धरतात आणि आधी तीच जातात. घर उतरवलं की असलं लाकूड जळण म्हणून वजनावर निघतं. मला याचं फार वाईट वाटतं.

मिस्त्रींनी एक तुळई पुढे ओढली. बाहेरून चाळणी झालेली.

"ताई, ठोकून बघा की."

टोकाला हातोडी मारली तर बद्द आवाज. हात-दीड हात आत सरकले आणि तुळई खणखणली. सागाच्या कडेच्या पांढरट भागात पिठूळपणा असतो, भुंग्याची अळी तोच खाते. आतल्या तपकिरी गाभ्याला ती सहसा तोंड लावत नाही. मिस्त्री कडा रंध्याने उतरवत गेले तशी भोकं विरळ होत गेली, आणि शेवटी उभे, सरळ रेषे असलेलं लाकूड उरलं. शंभरेक वर्षं छपराखाली वाळलेलं. वीण्याच्या दांडीवर तारांचा ताण कायम असतो, म्हणून मिस्त्री नवं लाकूड नकोच म्हणतात.

कीड जिवंत आहे का, हे बघायची त्यांची रीत साधी आहे. फळी काळ्या कागदावर ठेवायची. काही दिवसांनी कागदावर मैद्यासारखी ताजी पूड दिसली, तर फळी बाकीच्या लाकडांपासून लांब. मग ती तापवायची. पॅकिंगच्या लाकडासाठी जगभर जो नियम आहे, गाभा ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं, तोच ते पाळतात.

उरलेल्या भोकांचं काय? त्याच लाकडाचा भुसा सरसात कालवून भरतात. दांडीच्या पाठीला एखादं भोक चालतं. खुंटीच्या जागी एकही चालत नाही, कारण तिथलं लाकूड भुसभुशीत असेल तर खुंटी फिरते आणि स्वर उतरतो. तबलीबाबतही, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या लाकडी फळीबाबतही, ते फार कडक आहेत. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीखाली भरलेली जागा नको, आवाज तिथूनच उठतो.

वाद्याला लागणारा भोपळा याच जिल्ह्यातला, पंढरपूर-मंगळवेढा भागातला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांचे भोपळेही इकडूनच जातात, हे सोलापूरकरांनी अभिमानाने सांगायला हवं.

तयार एकतारी मी छेडली. खर्ज भरदार, आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, लांब. दांडीच्या कडेला भरलेली तीन भोकं दिसत होती. मिस्त्रींनी ती पॉलिशखाली लपवलेली नव्हती आणि ते मला मनापासून आवडलं.

परतताना अक्कलकोटला मामांकडे थांबले. दिवाळीनंतर त्यांचं माळवद उतरवायचंय, आणि तुळया किडक्या म्हणून जळणाला द्यायचं ठरलं होतं. मी शिडी लावून एकेक ठोकत गेले. मधल्या दोन चांगल्या वाजल्या. मिस्त्रींचा नंबर मामांना दिलाय, ते बघून जाईपर्यंत एकही तुळई हलणार नाही.