आठवीच्या आधीचा जून

सोमवार, रात्री

मिरग लागून आठवडा झाला, पावसाचा पत्ता नाही. हे रोज संध्याकाळी आभाळाकडे बघतात आणि बियाण्याच्या पिशव्या परत कोपऱ्यात सरकवतात. बाकी महाराष्ट्रातल्या शाळा याच सुमारास उघडतात. आपल्या विदर्भात उन्हापायी जूनचा शेवटचा आठवडा उजाडतो. यंदा हे वाढीव दिवस मला फार हवे होते. माझा स्वमग्न (ऑटिझम असलेला) लेक आठवीत जातोय, आणि गावातली जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच आहे.

या शाळेत तो पहिलीपासून होता. खिचडीत मटकी दिसली की ताट सरकवायचा, म्हणून स्वयंपाकाच्या मावशी त्याच्यापुरता साधा भात आधीच बाजूला काढून ठेवायच्या. वर्ग चालू असताना उठून तो खिडकीशी जाऊन उभा राहिला तरी गुरुजी शिकवणं थांबवत नसत. गज धरून थोडा वेळ उभा राहायचा आणि आपसूक जागेवर यायचा. हे कोणी कागदावर लिहून दिलेलं नव्हतं. सात वर्षांत माणसांना ते कळत गेलं.

हायस्कूल मोठ्या गावात, एसटीनं जायचं. तिथे दर तासाला वेगळे सर. परिपाठाला लाऊडस्पीकर. विजेची घंटा, ती एकदम कानात घुसते. एका वर्गात तीन-चार गावांची पोरं. जो तो मला सांगतो, "होईल सवय." मला ते पटत नाही. जी गोष्ट त्याला आधी सांगितलेली, दाखवलेली असते ती तो नेटानं निभावतो. तीच अचानक समोर आली की त्याचा जीव घाबराघुबरा होतो. म्हणून या महिन्यात माझं काम एकच, जमेल तेवढं काहीही अचानक राहू द्यायचं नाही.

सासूबाई आज म्हणाल्या, "काऊन वं, एवढा जीव काऊन जाळून राह्यली? शिकन पोट्टा आपला हळूहळू." शिकेल, आई. त्याला शिकायला सोपं जावं म्हणूनच तर ही धडपड.

गुरुवार

प्रवेश झाला. मार्चमध्ये दुसऱ्या एका शाळेत विचारायला गेले होते, तिथे ऐकून घ्यायच्या आधीच उत्तर मिळालं, "विशेष शाळेत टाका ना बाई, एवढ्या पोरांत याच्याकडे कोण बघणार?" विशेष शाळा कुठे आहे, तिथे तो रोज कसा जाणार, हे काही विचारलं नाही. त्या दिवसापासून मी कागदांची फाईल सोबतच बाळगते. दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या दोन पानांची झेरॉक्स. १९९५ च्या जुन्या कायद्यात स्वमग्नतेचं नावच नव्हतं. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आले आणि त्यात ती आली. कलम १६ म्हणतं, सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. पसंती त्याची, शाळेची नाही. हे वाक्य मी लाल पेनानं अधोरेखित केलंय. आपल्यासारख्या आईबापांनी ही पानं जवळ ठेवावीतच. समोरच्याला बऱ्याचदा खरंच माहीत नसतं.

या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी फाईल उघडायच्या आधी विचारलं, "त्याला काय आवडतं?" मी क्षणभर गप्पच झाले. असं कोणी विचारत नाही.

एसटी आवडते. जुन्या लाल गाडीचा नंबर बघून ती कुठे बांधली ते तो सांगतो. एमएचच्या पुढे १४ असेल तर पुण्याची दापोडी, २० असेल तर संभाजीनगरची चिकलठाणा, ४० असेल तर आपल्या नागपूरची हिंगणा कार्यशाळा. स्टँडवर तो सहसा कोणाशी बोलत नाही, पण गाडी वळणावर दिसली की पुटपुटतो, "चाळीस. हिंगणा." म्हणून प्रवासाची मला तेवढी धास्ती नाही. दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, ते काम आगारातून होईल. चालकाच्या मागची जागा मिळाली की झालं. शेजारची पोरगी त्याच्याच वर्गात आहे, तिचा मुलींचा मोफत पास निघालाय. ती मला म्हणाली, "काकू, मी त्याच्या बाजूले बसन, पण बोलत नाही बसन. त्याले आवडत नाही ना तसं." बारा-तेरा वर्षांच्या पोरीला एवढी समज!

शनिवार

शिक्षण खात्याच्या तालुक्यातल्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षिकेनं सुचवलं होतं, शाळा बंद असतानाच त्याला नेऊन आणा. आज गेलो. शिपाई दादांनी कुलूप काढलं. मी फोटो काढत गेले: फाटक, आठवीचा वर्ग, त्याचा बाक, पाण्याची टाकी, मुलांची मुतारी, ऑफिसचं दार. सेतू केंद्रात रंगीत प्रिंट काढून वहीत चिकटवले आणि प्रत्येकाखाली एक ओळ लिहिली. "ही टाकी. इथे तहान लागली की जायचं. सरांना आधी हात वर करून विचारायचं." घंटेचं बटण दादांनी त्याला स्वतः दाबू दिलं. पहिल्यांदा दाबलं आणि दोन्ही हात कानावर. मग एका हातानं एक कान झाकून परत दाबलं. नंतर दादांच्या घड्याळात बघत राहिला, किती सेकंद वाजते ते मोजायला.

गणवेशाचं वेगळंच. नवा टेरिकॉट मानेला टोचतो, तो अंगातून काढून फेकतो. मी कॉलरच्या आतली पट्टी ब्लेडनं अलगद उसवली, शिवणीचं एकेक टोक चिमटीनं ओढून काढलं आणि जुनं मऊ धोतर फाडून त्याची पट्टी आतून शिवली. मग रोज धुणं. साबण, दगडावर आपट, वाळव, परत भिजव. आता कापड जरा नरम पडलंय. संध्याकाळी घालून अंगणात चक्कर मारून आला, काढला नाही.

रविवार, उशिरा

शिक्षकांसाठी एक पान लिहिलं, एकच, म्हणजे वाचलं जाईल. तो डोळ्याला डोळा देत नसला तरी ऐकत असतो. "दोन मिनिटं थांब" म्हटलं तर तो एकशेवीस सेकंद मोजेल आणि मग तुमच्याकडे येईल, म्हणून नेमकं सांगा. सूचना एका वेळी एकच द्या, फळ्यावर लिहिली तर उत्तम. गोंगाट वाढला, उन्हाचा त्रास झाला, काही ठरलेलं बदललं की तो कान झाकून डोलायला लागतो. तो हट्ट नव्हे, त्याला सहन होण्यापलीकडे गेलेलं असतं. तेव्हा प्रश्न विचारू नका, हात धरून ओढू नका, व्हरांड्याच्या टोकाला बसू द्या, तो स्वतः परत येईल. हे गावच्या गुरुजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "भूमितीत तो पुढे आहे, ते लिवा ना!" ते सगळ्यात वर लिहिलं.

मोबाईल दाखवला म्हणून असं झालं, असं आजही कोणी ना कोणी मला ऐकवतं. आमच्या घरात साधा फोन होता तेव्हापासून तो असा आहे. जन्मापासूनचीच त्याच्या मेंदूची ही घडण आहे. ती बदलायला मी त्याला हायस्कूलात पाठवत नाहीये. गणित शिकायला, दहावी करायला पाठवतेय. दहावीच्या बोर्डाला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, त्याची चौकशीही आत्तापासून सुरू केली आहे.

शुक्रवार

शाळेचा पहिला आठवडा गेला. ऊन असल्यानं सकाळचीच शाळा होती. परिपाठाच्या वेळी लाऊडस्पीकरपासून लांब, रांगेच्या शेवटी उभं राहायची परवानगी मिळाली. इतिहासाच्या तासाला एकदा व्हरांड्यात गेला. इंग्रजीच्या सरांनी पान वाचलंच नव्हतं, मोठ्यानं ओरडले, तो दिवस अवघड गेला. घरी आल्यावर जेवला नाही, खाटेखाली जाऊन पडला. मी सरांना दुसऱ्या दिवशी भेटले. त्यांनी पान खिशात ठेवलं.

आता सोमवारपासून पूर्ण वेळ. म्हणजे दुसरी एसटी, दुपारची खिचडी तिथेच, आणि संध्याकाळी परत येताना गाडीला गर्दी. वहीत नवी पानं लागतील. स्टँडवरचं वेळापत्रक उतरवून आणायचंय आणि खिचडी करणाऱ्या बाईंना मटकीचं सांगायचंय. शेतात सरकी टोबणं चालू आहे, तरी हे म्हणाले, "उद्या मी येतो संगं." दोघं मिळून जाऊ.