दोन बर्गी कलकत्त्यात

नागपूरच्या माणसाला उन्हाची भीती घालू नये. "मे महिन्यात नको येऊ बे, इथं सदतीस होऊन राह्यलं," असं बाळ्या फोनवर म्हणाला तेव्हा मी मोठ्यानं हसलो. आमच्याकडे नवतपात पारा ४५च्या वर गेला तरी लोक पंगतीत आग्रहानं जिलबी वाढतात. ३७ म्हणजे होळीच्या आसपासची हवा. स्वेटर आणू का, असंही विचारलं मी त्याला. तो वाद घालत बसला नाही. नुसता "ये" म्हणाला.

संध्याकाळी नागपुरात गाडीत बसलो, छत्तीसगड झोपेत गेलं, सकाळी टाटानगर आणि दुपारी हावडा. एसी डब्यातून फलाटावर पाय टाकला आणि चष्मा पांढरा झाला. आधी वाटलं धूर असेल. मग कळलं, वाफ आहे. कुकरचं झाकण तोंडासमोर उघडावं तशी. चष्मा पुसेपर्यंत सदरा पाठीला चिकटला होता. समोर गर्दीत खांद्यावर लाल चौकड्यांचा गमछा टाकलेली ओळखीची चाल दिसली आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "बाळ्याऽऽ!"

दोन हमाल, एक पोलीस आणि शाळकरी पोरींचा एक घोळका गर्रकन वळला. बाळ्या धावत आला आणि मिठी मारायची सोडून त्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला. "अबे, इथं त्या नावानं हाक नाही मारायची!" बंगाल्यांना आपला ळ ऐकू येतो ल, आणि मग त्या नावातून जो शब्द उरतो तो इथं लिहिण्यासारखा नाही. बँकेत त्याला सगळे कृष्णबाबू म्हणतात. चाळीस वर्षांची हाक मी खिशात घातली.

आम्ही दोघं नागपूरच्या महाल भागातले. एकच गल्ली, एकच शाळा, भोसल्यांच्या वाड्याच्या आसपास एकत्र उडवलेल्या पतंगा. बाळ्याची बदली दोन वर्षांपूर्वी कलकत्त्याला झाली, बायको-पोरं नागपुरातच, आणि तो श्यामबाजारजवळ एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी वरच्या खोलीत राहतो. त्याच्या आईनं माझ्याबरोबर कुरडया, खारोड्या आणि सांडग्यांचे डबे दिले होते. खोलीवर पोचताच त्यानं आधी ते डबे उघडले आणि लगेच पुन्हा घट्ट बंद केले.

"उघडे राहिले तर तासाभरात सादळतात," तो म्हणाला. "आपलं ऊन वाळवतं. इथलं शिजवतं."

गच्चीवरच्या दोरीवर त्याचे चार सदरे लटकले होते. कधी धुतले म्हणून विचारलं, तर परवा. मी हात लावून पाहिला, दमट. नागपुरात मेमध्ये सदरा पिळून दोरीवर टाकेपर्यंत त्याची कॉलर कडक झालेली असते. तेव्हा पहिल्यांदा मी ३७ला मनातल्या मनात नमस्कार केला. या हवेला बंगालीत 'भ्यापशा गरम' म्हणतात. शब्दातच वाफ आहे. घामाला मात्र तेही घामच म्हणतात, हे बरं वाटलं.

बाळ्यानं उन्हाळ्याचं वेळापत्रक बसवून ठेवलं होतं. कलकत्ता आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला, त्यामुळे मेमध्ये सूर्य पाचच्या आतच वर येतो. साडेपाचला बाहेर पडायचं, दहाच्या आत सावली धरायची, चारपर्यंत कुठल्या तरी छपराखाली काढायचे आणि मग पुन्हा निघायचं. दुपारी हट्टानं फिरणाऱ्याला तो माणसात धरत नव्हता.

पहिल्या सकाळी कुमारटुली, म्हणजे मूर्तिकारांची वस्ती. दुर्गापूजेला अजून चार महिने होते, म्हणून गल्ल्यांत गर्दी नव्हती. बांबूच्या सांगाड्यावर गवताच्या पेंढ्या सुतळीनं आवळून बांधलेल्या, बिनडोक्याच्या, पण हात उगारलेल्या आकृत्या भिंतींना टेकून उभ्या. काहींवर मातीचा पहिला हात चढला होता. नदीची माती, पेंढा, सुतळी, एवढ्यावर सगळा पसारा. एक कारागीर पाठमोरा बसून सिंहाचा पंजा घडवत होता. त्याच्या पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते आणि शेजारचा टेबलफॅन त्याच्याकडे नाही, मातीकडे वळवलेला होता. इथं माणसापेक्षा माती वाळणं महत्त्वाचं. कुरडयांच्या गावचे आम्ही, आम्हाला ते न सांगता समजलं.

तिथून श्यामबाजारला येऊन ट्राम धरली. कलकत्त्यात १८७३ साली घोड्यांची ट्राम निघाली, १९०२ पासून ती विजेवर चालू लागली. एकेकाळी शहरभर पसरलेल्या जाळ्यातले आता मोजकेच मार्ग उरलेत, आणि २०२४च्या सप्टेंबरात सरकारनं एस्प्लनेड ते मैदान एवढाच एक तुकडा ठेवू असं सांगून टाकलं. म्हणून बाळ्या सुट्टीच्या दिवशी काम नसताना ट्राममध्ये बसतो. "ही धावत नाही, फिरायला निघते," तो म्हणाला. खरं होतं. हातीबागानात एक हातगाडीवाला रुळांवर थांबून पपया रचत होता. आमच्या ड्रायव्हरनं घंटा वाजवली, पपयावाल्यानं हात वर केला, आणि उरलेल्या पपया रचून होईपर्यंत आम्ही सगळे थांबलो. कुणी एक शब्द बोललं नाही.

कॉलेज स्ट्रीटला उतरलो तेव्हा दहा वाजत आले होते. दुतर्फा पुस्तकांच्या टपऱ्या, इंजिनिअरिंगच्या गाइडांपासून जुन्या अॅटलासापर्यंत. कॉफी हाऊसमध्ये शिरलो. पूर्वीचा हा अल्बर्ट हॉल, १९४२ पासून इथं कॉफी मिळते. उंच छतातून लांबच लांब दांड्यांवर पंखे खाली आलेत, पण वारा आपल्या डोक्यापर्यंत येतो की सिगारेटच्या वासासकट वरच फिरतो, हे सांगता येत नाही. पगडीवाल्या वेटरनं बिनदुधाची कॉफी आणली, तिला इथं 'इन्फ्यूजन' म्हणतात. चव बेताचीच. खाणंही काही खास नव्हतं. लोक इथं चवीसाठी येत नाहीत. शेजारच्या टेबलावर चार म्हातारे एका रिकाम्या कपाभोवती इतक्या पोटतिडकीनं भांडत होते की मला वाटलं, जमिनीची वाटणी असेल. बाळ्यानं कान देऊन ऐकलं आणि सांगितलं, "१९७५चा मोहनबागान-ईस्ट बंगाल फुटबॉल सामना."

दुसऱ्या दुपारची सावली म्हणजे पार्क स्ट्रीटचं जुनं कब्रस्तान, १७६७ सालचं. दाट झाडी आणि त्यांखाली इंग्रजांच्या शेवाळलेल्या काळपट कबरी, पिरॅमिडांसारख्या निमुळत्या. संस्कृतचा अभ्यासक सर विल्यम जोन्सची कबर इथंच आहे, भोवतालच्यांपेक्षा उंच. बाळ्या दगडांवरची वयं वाचत चालला होता: वीस, सव्वीस, एकतीस. "यांना कुणीच सांगितलं नसेल का, डिसेंबरात या म्हणून?" तो म्हणाला. कोपऱ्यावर ताडगोळे मिळाले, इथं त्यांना तालशांस म्हणतात. आम्ही उभ्या उभ्या बारा खाल्ले.

व्हिक्टोरिया मेमोरियलबद्दल सगळेच लिहितात, मी नाही लिहिणार. मकराण्याचा संगमरवर चार वाजताही डोळे दिपवतो एवढंच. नदीखालची मेट्रो मात्र पोरासारखा हट्ट धरून पाहिली. हावडा मैदान ते एस्प्लनेड, मार्च २०२४ पासून सुरू. हुगळीखालचा बोगदा ५२० मीटर, तो गाडी पंचेचाळीस सेकंदांत ओलांडते. भिंतींवर निळे दिवे लावलेत, नदी सुरू झाली हे कळावं म्हणून. बाळ्यानं घड्याळ लावलं, मी खिडकीला नाक. दोघं मिळून शंभरीला टेकलेलो आणि डब्यात आमच्याइतकं उत्साही कुणी नव्हतं. बाकीचे एसीचा वारा अंगावर घेत डोळे मिटून उभे होते. तेच शहाणे.

तिसऱ्या संध्याकाळी बाळ्या म्हणाला, "चल, तुला आपली खूण दाखवतो." बागबाजारच्या गल्ल्यांतून वळणं घेत त्यानं मला एका अरुंद बोळापाशी उभं केलं. जुनी घरं, हिरव्या झडपांच्या खिडक्या, नळावर बादल्यांची रांग, ओट्यावर कॅरम. पाहण्यासारखं काहीच नाही. मग त्यानं भिंतीवरची पाटी दाखवली. मराठा डिच लेन.

शाळेत आम्हाला एवढंच शिकवलं होतं की नागपूरकर रघुजी भोसल्यांचे घोडे पार बंगालपर्यंत गेले. छाती फुगायची. वाड्यावरून जाताना आम्ही तिथले शिपाई असल्यासारखे चालायचो. घोडे तिथं जाऊन काय करत होते, ते कुणी सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही. १७४२ साली भास्करपंत कोल्हटकर फौज घेऊन बंगालात उतरले, चौथाई वसूल करायला. पुढं जवळपास दहा वर्षं हे चालू राहिलं. गावं जळली, विणकर पळाले, लोक नदीपार गेले. १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखानानं भास्करपंतांना बोलणीसाठी बोलावून तंबूतच मारलं. अखेर १७५१ मध्ये तह झाला, वर्षाला बारा लाखांच्या चौथाईवर. या स्वाऱ्या सुरू झाल्या तेव्हाच धास्तीनं कलकत्तेकरांनी शहराभोवती सात मैलांचा खंदक खणायला घेतला. तीन मैल झाला आणि काम थांबलं, कारण मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत. पुढं खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला. उरली ही पाटी.

"आपल्या भीतीनं खणलं बे हे," बाळ्या म्हणाला. त्याच्या आवाजात शाळेतला तोरा नव्हता.

मग त्यानं मासीमांची गोष्ट सांगितली. मासीमा म्हणजे त्याच्या घरमालकीण. तो नवीन होता तेव्हा खालून रोज रात्री त्यांचं अंगाईगीत ऐकू यायचं, नातवासाठी. त्यात एक शब्द सारखा यायचा, बर्गी. एकदा त्यानं अर्थ विचारला. मासीमांनी समजावलं: बाळ झोपलं, पाडा शांत झाला, देशात बर्गी आले, बुलबुलांनी धान खाल्लं, आता शेतसारा कसा भरू? बर्गी म्हणजे लुटारू, पश्चिमेकडून घोड्यावरून यायचे. बाळ्याला घाम फुटला. बर्गी म्हणजे आपला बारगीर! शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराला तो सरकारातून मिळायचा, हे त्याला शाळेपासून पाठ. आणि तेवढ्यात मासीमांनी विचारलं, तुमचं गाव कुठलं हो?

"मग काय सांगितलंस?"

"नागपूर म्हटलं. खोटं कसं बोलू? आणि वर सांगितलं, भोसल्यांच्या वाड्याजवळ."

मासीमा हसून हसून खोकल्या. तेव्हापासून पाहुण्यांना त्याची ओळख 'आमादेर बर्गी', म्हणजे आमचा बर्गी, अशी करून देतात. भाडं द्यायला गेला की म्हणतात, बघा, आता बर्गीच सारा भरतोय.

मी हसलो, पण त्या पाटीखालून लगेच हलावंसं वाटेना. ओट्यावरच्या कॅरमवाल्यांनी आम्हाला भिंतीकडे टक लावून पाहताना पाहिलं आणि काही हवंय का म्हणून विचारलं. काय सांगणार? पुढं १८५३ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं, तेव्हा भोसल्यांचे दागिने विकायला याच शहरात आणले होते. तेही शाळेत नव्हतं.

बागबाजार म्हणजे रसगुल्ल्याचं माहेर. नवीनचंद्र दासांनी १८६८ मध्ये इथंच स्पंजासारखा रसगुल्ला केला, असं बंगाली लोक सांगतात. ओडिशावाल्यांपुढे मात्र हे बोलू नका. कोपऱ्यावरच्या दुकानात मातीच्या भांड्यात चार-चार घेतले आणि घाटाकडे निघालो. घाटावर भाजलेल्या कैरीचं सरबत मिळालं. आपलंच पन्हं, फक्त कैरी निखाऱ्यावर काळी करून घेतलेली आणि वर काळं मीठ. त्या सरबताबद्दल मी कलकत्त्याला बरंच काही माफ केलं.

पायऱ्यांवर बसलो. हवा इतकी ठप्प होती की नदीसुद्धा चिकट वाटत होती. तेवढ्यात वायव्येकडून काळी भिंत चढू लागली. लाँचवाले भराभर दोर आवळायला लागले, सरबतवाल्यानं छत्री मिटली.

"कालबैसाखी," बाळ्या उठून उभा राहिला. "दोन वर्षांत एवढी एक गोष्ट आवडली मला इथल्या उन्हाळ्यातली. कुठून येते माहीत आहे?"

"कुठून?"

"छोटा नागपूरच्या पठारावरून. भास्करपंत आले त्याच बाजूनं."

भूगोलात हा माणूस दोनदा नापास झालेला. मी काही बोलणार तेवढ्यात वारा आला. धूळ, पानं, कुणाची तरी टोपी, सगळं एकदम. अंगावरचा तीन दिवसांचा घाम एका झुळकेत गार पडला. घाटावरची माणसं पळायच्या ऐवजी हात पसरून उभी राहिली. पहिले थेंब रुपयाएवढे पडले.

आणि बाळ्याचा चेहरा उतरला. "सदरे!" तो किंचाळला आणि पायऱ्या दोन-दोन करत पळत सुटला. दोन दिवस वाळत घातलेले, गच्चीवर, दोरीला.

मी दोन्ही हातांत रसगुल्ल्यांची भांडी धरून मागे उभा. पावसात तो गमछा दिसेनासा व्हायला लागला. कृष्णबाबू म्हणून हाक मारली, वाऱ्यानं खाल्ली. पुन्हा मारली, पुन्हा खाल्ली. शेवटी महालातल्या गच्चीवरून मारायचो तशी मारली.

"बाळ्याऽऽऽ!"

अख्खा घाट वळला. बाळ्याही.